खिळ्यावरची कानस

“किती?” मेस्त्रींनी विचारलं.

“दोन. खाली,” मी म्हटलं.

त्यांनी पेटीतल्या सुराच्या पितळी जिभेखाली पातळ पत्रा सारला, टोकाला कानशीने दोनदा हलकेच खरवडलं, फुंकर मारली आणि भाता दाबला.

“आता?”

“अर्धी.”

अजून एक खरवड. “आता?”

“नाय.”

मेस्त्री पुढच्या सुराकडे वळले. बरोबर म्हणाले नाहीत, चूक म्हणाले नाहीत, मानसुद्धा हलवली नाही. तीन वर्षं हे असंच चाललेलं होतं. पण त्या दिवशी माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं.

मी रागीट आहे. आजही आहे, माझ्या नवऱ्याला विचारा. पण तो राग कशाचा होता हे कळायला आधी आमचं काम कळायला हवं. पेटी लावणं म्हणजे तिचा एकेक सूर मापाच्या पेटीशी जुळवणं. दोन सूर अगदी जवळ आले, पण एक झाले नाहीत, की दोघांच्या मधून एक लाट उठते, वाँव-वाँव अशी. फरक जास्त असला की लाटा भराभर येतात. कमी असला की सावकाश येतात आणि सूर तंतोतंत जुळला की लाट बसते. सूर खाली असेल तर जिभेचं टोक खरवडायचं म्हणजे तो चढतो, वर असेल तर मुळाशी खरवडायचं म्हणजे उतरतो. ही जीभ नखाहून पातळ असते. दोन्हीकडून खरवडत बसलं की तिचा जीव जातो. म्हणून आधी लाट ऐकू यायला हवी, मग हात.

कुडाळच्या बाजारपेठेत आत्माराम मेस्त्रींचं दुकान होतं. मी तिथे गेले ती अठराव्या वर्षी, दहावी होऊन घरी बसलेली असताना. माझे वडील, भाऊ धुरी, आमच्या वाडीच्या भजनात पेटी वाजवायचे. त्यांची पेटी दाखवायला मी बरोबर गेले होते आणि मेस्त्री ती वाजवून बघत असताना मी सहज म्हटलं होतं, की मधल्या पंचमात काहीतरी थरथरतंय. मेस्त्रींनी मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. परत सांग म्हणाले. मी परत सांगितलं. आठ दिवसांनी त्यांनी वाडीत निरोप धाडला, चेडवाक पाठवन दी, म्हणजे पोरीला पाठवून दे.

पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला एक कोरी कानस अडकवली. चार बोटांएवढी, शिसवी मुठीची, मुंबईहून आणवलेली. “ही तुझी,” म्हणाले. “कान तयार झालो की काढून देतलंय.”

ती कानस तीन वर्षं खिळ्यावरच होती. दर शनिवारी ती उतरवायची, गंज चढू नये म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं आणि पुन्हा अडकवायची, हेसुद्धा माझंच काम. बाकी काम म्हणजे झाडू, पेट्या पुसणं, भात्याच्या चामड्याला खळ लावणं आणि मेस्त्रींच्या डाव्या हाताला बसून त्यांनी ‘किती’ विचारलं की सांगणं. ही माझी परीक्षा आहे, असं मी समजत होते. दिवसाला शंभर परीक्षा. आणि तीन वर्षांत ‘चुकलंस’ हा शब्द मी एकदाही ऐकला नव्हता. याचा मला किती माज होता म्हणून सांगू. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी मोजत असे, आज किती वेळा विचारलं आणि किती वेळा बरोबर आलं.

मेस्त्रींचा दरारा मोठा. दुकानात रेडिओ लावायचा नाही. गिऱ्हाइकाने दोनदा हाक मारून समोर येऊन उभं राहिल्याशिवाय मान वर करायची नाही. बोलायचं झालं तर समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघत, तेही दोन शब्द. लोक म्हणत, मोठा कारागीर, लहर असणारच. मीही तेच म्हणत होते.

तर त्या दिवशी काय झालं ते. चतुर्थीला नऊ दिवस राहिले होते. आमच्याकडे चतुर्थीत घरोघर भजन आणि भजनाला पेटी, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी शंभूबुवा राऊळ स्वतः आपली पेटी घेऊन आले. बुवा म्हणजे डबलबारीतलं बडं नाव. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात आणि गाण्याने एकमेकांना जेरीस आणतात. त्यात पेटी जराशी जरी बेसूर बोलली तरी समोरचा बुवा त्यावरच गाणं रचून हजार माणसांत अब्रू काढतो. बुवांची बारी तिसऱ्या दिवशी होती.

“मेस्त्र्यांनू, पेटी तुमच्या कानार सोडतंय,” बुवा म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “ह्यां चेडू शिकता काय?”

“शिकता खंयचा,” मेस्त्री म्हणाले. “पुसूक-झाडूक ठेवलंय.”

माझ्या हातात तेव्हा फडकंच होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. चुकत असते तर गोष्ट वेगळी. पण तीन वर्षांत एक चूक नाही, आणि हा माणूस माझी मोलकरीण म्हणून ओळख करून देतो. बुवा हसले, मेस्त्रींच्या कानाचं अजून थोडं कौतुक केलं आणि गेले.

दुपारी जेवणं झाल्यावर मी धीर केला. मेस्त्री माझ्याकडे पाठ करून भात्याची घडी बसवत होते. मी म्हटलं, मेस्त्र्यांनू, माका माझी कानस काढून द्या. त्यांनी उत्तर दिलं नाही. मी पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं, की देणार नसाल तर तसं सांगा, म्हणजे मी घरी जाते. त्यांची पाठ जराही हलली नाही. माणसाने नाही म्हणावं, ओरडावं, पण समोरचं माणूस भिंत असल्यासारखं काम करत राहावं? मी तिथेच ठरवलं की आज भांडण करायचं. निमित्त हवं होतं, ते मीच करणार होते.

संध्याकाळच्या आधी बुवांची पेटी टेबलावर आली. खालचं सप्तक झालं, मधलं झालं. तार सप्तकाच्या गंधारावर मेस्त्रींनी भाता दाबला आणि डावा तळवा नेहमीसारखा पेटीच्या फळीवर टेकवला.

“किती?”

दोन लाटा होत्या. स्वच्छ, कुणालाही कळतील अशा.

“नाय,” मी म्हटलं.

मी वाट बघत होते. आता ते वळतील, खोटं बोलतेस म्हणतील, मग मी माझी तीन वर्षं त्यांच्या तोंडावर फेकेन. सगळी वाक्यं जिभेवर तयार होती.

मेस्त्री पुढच्या सुराकडे वळले.

मला आधी वाटलं, त्यांनी मुद्दाम केलं. माझा डाव ओळखला आणि मला माझ्याच खोटेपणात शिजत ठेवलं. पुढचा मध्यम लागला. तो अगदी जुळलेला होता. सूर सुरात मिसळून गेला होता, मधे कसली हालचाल नाही.

“किती?”

“चार,” मी म्हटलं. “खाली.”

मेस्त्रींनी कानस उचलली.

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. तो हात थांबेल असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. हात थांबला नाही. त्यांनी त्या चांगल्या सुराखाली पत्रा सारला, टोक खरवडलं, फुंकर मारली. भाता दाबला. सूर आता खरोखरच बिघडला होता, वर चढून किंचाळत होता. मेस्त्री शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत होते.

“आता?”

“नाय,” मी म्हटलं.

ते पुढे वळले. आणि मला तीन वर्षं उलगडत गेली. दोनदा मारायच्या हाका, बंद रेडिओ, तोंडावर रोखलेली नजर, दुपारची न हललेली पाठ. पहिल्या दिवशी ‘परत सांग’ म्हणून बघितलेले माझे ओठ. ते मला तपासत नव्हते. ते मला विचारत होते.

इथे मला त्यांची दया आली असं लिहिलं तर छान दिसेल. पण आली नाही. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. कुडाळपासून सावंतवाडीपर्यंत लोक ज्या कानाची वाखाणणी करत होते तो माझा कान होता आणि मी त्याच दुकानात झाडू मारत होते. त्याहून वाईट एक गोष्ट होती. मी तीन वर्षांत एकदाही चुकले नव्हते हा माझा माज. चुकले असते तर सांगणार कोण होतं? मला काही येतं की नाही हेसुद्धा आता मला माहीत नव्हतं. तेवढं एक माझं होतं, तेही त्या माणसाने नेलं.

पेटी बंद झाली. दोन बिघडलेले सूर आत तसेच ठेवून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा पेटी न्यायला आले. बाकावर बसून त्यांनी मांडीवर घेतली, डोळे मिटून खालून वर बोटं फिरवत गेले. तार गंधारावर त्यांच्या कपाळावर आठी आली. मध्यमावर डोळे उघडले.

“ह्या काय मेस्त्र्यांनू? ह्यो सूर असो कित्याक बोंबलता?”

मेस्त्री पेटीकडे बघतच नव्हते. ते बुवांच्या कपाळाकडे बघत होते. त्यांना सूर कळला नाही, आठी कळली. क्षणभर त्यांनी माझ्याकडे नजर टाकली आणि मग पुन्हा बुवांकडे वळून म्हणाले, “चेडवान हात लावल्यान आसतलो. ठेवा, करून देतंय.”

मी त्यांच्या मागे उभी होते. दोन हातांवर.

“बुवानू,” मी म्हटलं, “ह्यांका ऐकूक येणा नाय.”

बुवांची बोटं पट्ट्यांवरच राहिली. मेस्त्री वळले नाहीत. ते बुवांच्या उत्तराची वाट बघत हसऱ्या चेहऱ्याने उभे होते. दुकान एवढंसं, माझा आवाज रस्त्यावर गेला असेल, आणि त्यांच्या मानेवरचा केसही हलला नाही.

मला तिथे थांबता आलं असतं. पण रागाला एकदा वाट मिळाली की तो कुठे थांबतो?

“तीन वर्सां पेटी माझ्या कानान लागता,” मी म्हटलं. “ह्यांचो नुसतो हात. आणि काल मी खोटां सांगलंय.”

बुवांनी माझ्याकडे बघितलं, मग मेस्त्रींच्या हसऱ्या तोंडाकडे. आयुष्यभर लोकांना तोंडावर टोमणे मारून जिंकणारे बुवा नजर चुकवून खाली वाकले. त्यांनी भाता मिटला, खटका लावला आणि पेटी बाकावर ठेवली. संध्याकाळी येतो, असं काहीतरी पुटपुटले आणि चपला नीट न घालताच पायऱ्या उतरले.

बुवांच्या चेहऱ्यावरून मेस्त्रींना कळलं की आपल्या पाठीमागे काहीतरी बोललं गेलंय. ते सावकाश वळले.

“काय सांगलंस त्यांका?”

“खरां तां,” मी म्हटलं.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांनी समजून घेतलं. मला वाटलं आता हाकलून देतील, किंवा हात जोडतील. दोन्हीची माझी तयारी होती. त्यांनी बुवांची पेटी उचलून टेबलावर आणली, उघडली. मग स्टुलावर चढून खिळ्यावरची कानस काढली आणि माझ्यासमोर ठेवली. तिची मूठ तेलाने चकचकत होती.

मी ती उचलली. हे तर किती वेळा बघितलं होतं, डोळे मिटून करेन असं वाटत होतं. चढलेला मध्यम उतरवायचा म्हणजे मुळाशी खरवडायचं. पत्रा सारला, कानस टेकवली, ओढली. भाता दाबला. सूर सरळ खाली कोसळला होता. सहा-सात लाटा, मोजता येईनात. घाईघाईने टोकाला घासलं, तर तो पुन्हा वर. माझ्या कानाला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, आणि माझा हात अगदीच दगड होता. अजून दोनदा घासलं असतं तर सूर मेला असता. बारी दुसऱ्याच दिवशी होती.

मेस्त्रींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. काय झालंय ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण माझ्या हाताकडे बघून कळलं होतं.

“घासू नको,” ते म्हणाले. “नुसती टेकव. तिचा वजन तीच घेता.”

त्यांनी माझी बोटं मुठीवरून मागे सरकवली, अंगठा सोडायला लावला. त्यांचा हात माझ्या हातावर तसाच राहिला. कानस जिभेवरून गेली, नाही गेली असं वाटलं. मी भाता दाबला. चार. पुन्हा. दोन. पुन्हा. लाट लांबत लांबत गेली आणि बसली. ते माझ्याकडे बघत होते. या वेळी त्यांनी किती म्हणून विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मी कानस खाली ठेवली तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.

गंधार मी एकटीने केला. वेळ लागला, पण झाला.

आज माझं स्वतःचं दुकान आहे, कणकवलीला. शिकायला येतात त्यांच्या हातात मी पहिल्या दिवशी कानस देते आणि भंगारातले सूर देते मारायला. आणि दिवसातून एकदा तरी मुद्दाम चुकीचा आकडा सांगते. जो मान डोलावतो त्याला त्या दिवसापुरतं घरी पाठवते, जो माझ्याशी भांडतो त्याला ठेवते. लोक म्हणतात, बाई विक्षिप्त आहे. असू दे.

पण त्या दिवसाचं अजून थोडं सांगायचं राहिलंय. पेटी बंद केली, फडक्याने पुसली. सवयच ती. मग मी मेस्त्रींच्या समोर जाऊन उभी राहिले आणि रात्रभर मला कुरतडणारी गोष्ट विचारली.

“तीन वर्सांत मी कितीदा चुकलंय?”

“एकदा,” ते म्हणाले. “काल.”

“तुमका कसा कळतला?” माझा आवाज चढला. त्यांच्यापुढे आवाज चढवून काय उपयोग, पण चढला.

त्यांनी दुकानाच्या दाराकडे हात केला. “हयसून किती पेटी भायर गेली? बुवांची, देवळांची, शाळांची. एक तरी परत इली काय?”

मी आठवून बघितलं. खरंच, एकही नाही. ज्याचं उत्तर मला मिळणारच नाही असं मी रात्रभर धरून बसले होते ते या माणसाकडे पहिल्यापासून होतं. ते त्याने रोज बघितलं होतं, दर पेटीगणिक, तीन वर्षं. आणि मला आधीच्या सगळ्याहून मोठा राग आला.

“मग माका सांगलास कित्याक नाय? एकदा तरी?”

मेस्त्रींनी रिकाम्या खिळ्याकडे बघितलं.

“सांगलंय असतंय,” ते म्हणाले, “तर तू हय ऱ्हवलं असतंस?”

लबाडी नव्हती त्या बोलण्यात. माफीही नव्हती. भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लं आणि भूक होती म्हणून खाल्लं असं सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. ते बोलले ते खरं होतं. पहिल्याच वर्षी ‘तुझा कान तयार आहे’ एवढं जरी म्हणाले असते तर मी गेले असते. आणि दुकान बंद पडलं असतं. तेच तर होणार होतं आता. दिवाळीनंतर ते बंद झालंच.

मी कानस फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. दाराशी गेले. तिथून पाठमोरीच दोन शब्द फेकून निघून जावं असं मनात होतं, रागात माणूस जातो तसं. मग लक्षात आलं की ते त्यांना कळणारच नाही.

मी परत आत आले. त्यांच्या समोर, उजेडात उभी राहिले. आणि त्यांना वाचता येईल असे ओठ नीट, सावकाश हलवत म्हटलं, “जातंय मी.”

त्यांनी मान डोलावली.